धुंडिराज गोविंद फाळके : आख्यानपरंपरेतील एक दृश्यनिवेदक

धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांचे चरित्र सामान्यतः भारतीय चित्रपटाच्या जन्मकथेच्या रूपाने सांगितले जाते. परदेशातून आणलेला कॅमेरा, गहाण पडलेली विमापत्रे, पत्नीचे दागिने, तारामतीच्या भूमिकेसाठी न मिळालेली स्त्री आणि अखेरीस मिळालेले यश असे या कथेचे टप्पे आता रूढ झाले आहेत. ते खोटे नाहीत. तथापि या मांडणीत फाळक्यांकडे प्रामुख्याने एक धाडसी कारागीर म्हणून पाहिले जाते. त्यांनी कोणती कथा निवडली, ती कोणत्या क्रमाने आणि कोणाला गृहीत धरून सांगितली, हा प्रश्न बाजूस राहतो. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र हाच प्रश्न महत्त्वाचा वाटला पाहिजे. कीर्तन, आख्यानकाव्य, संगीत नाटक, शिळाछापाची देवादिकांची चित्रे आणि जादूचे दिवे या सर्वांनी मिळून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी श्रोत्याला दृश्याच्या साहाय्याने कथा ऐकण्याची सवय लावली होती. त्या सवयीवर फाळक्यांची सारी निर्मिती उभी आहे. त्यांच्या यशाचे आणि उत्तरायुष्यातील अपयशाचे कारणही तेथेच शोधावे लागते.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे जाणकार होते. मुलाला पिढीजात विद्या द्यावी, अशीच घरची अपेक्षा असणार. क्षेत्राच्या गावी वाढणाऱ्या मुलाच्या कानांवर पुराणकथा शास्त्रीबुवांच्या विवरणातून आणि कीर्तनकारांच्या निरूपणातून सारख्याच सहजतेने पडत. वडिलांना अध्यापनाच्या निमित्ताने मुंबईस यावे लागले आणि त्यामुळे मुलाची वाट बदलली. १८८५ मध्ये त्याने सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत प्रवेश घेतला. पुढे थोरल्या बंधूंसमवेत तो बडोद्यास गेला आणि सयाजीराव महाराजांनी स्थापन केलेल्या कलाभवनात रमला.

बडोद्याच्या या काळाचे वर्णन अनेकदा छंदांची यादी देऊन उरकले जाते. तैलचित्र, जलरंग, वास्तुरचना, मातीच्या प्रतिकृती, छायाचित्रण, ठसे तयार करणे हे सर्व त्यांनी हाताळले. अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती सादर करून त्यांनी १८९२ मध्ये सुवर्णपदक मिळविले. कलाभवनाचे प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांच्या पाठिंब्याने तीन रंगांचे ठसे करण्याची विद्या शिकण्यासाठी ते रतलामलाही जाऊन आले. वरवर पाहता ही धरसोड वाटते. परंतु या सर्व विद्यांत एक समान धागा आहे. प्रत्येकीचा संबंध प्रकाश, पृष्ठभाग आणि प्रेक्षकाची नजर यांच्याशी आहे. नाट्यगृहाची प्रतिकृती करणारा विद्यार्थी प्रेक्षकाने कोठे बसावे आणि त्याला काय दिसावे याचाच विचार करीत असतो.

१८९५ च्या सुमारास फाळक्यांनी गोध्र्यास छायाचित्रकार म्हणून व्यवसाय सुरू केला. तेथे प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल दोघेही गेले. बडोद्यास परत येऊन पुन्हा मांडलेला व्यवसायही चालला नाही. छायाचित्र काढून घेतले की माणसाचे आयुष्य कमी होते, असा समज लोकांत पसरला होता. त्यानंतर एका जर्मन जादूगाराकडून त्यांनी हातचलाखीची आणि दृष्टिभ्रमाची विद्या शिकून घेतली आणि तिचे प्रयोग केले. नाटकमंडळ्यांसाठी पडदे रंगविले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. वधू किर्लोस्कर नाटक मंडळीशी नाते असलेल्या घरातील होती. सासरी तिचे नाव सरस्वती ठेवण्यात आले. ज्या माणसाच्या छायाचित्राला लोक भीत होते, त्याच माणसाची जादू पाहण्यास लोक आनंदाने येत होते. या अनुभवाचा त्यांच्या पुढील कार्याशी असलेला संबंध चरित्रकारांनी पुरेसा ध्यानात घेतलेला नाही. दोन्ही ठिकाणी साधन जवळजवळ एकच होते, परंतु जादूच्या खेळाला एक कथा होती, आमंत्रण होते, प्रेक्षकाच्या संमतीने घडणारी फसवणूक होती.

१९०३ पासून काही काळ फाळके पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक होते. स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत त्यांनी ही सरकारी नोकरी सोडली आणि लोणावळ्यास छपाईचा कारखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या नावाने चालणाऱ्या छापखान्याचे काम या परिसरातच होते. त्याच्यासाठी शिळाछापाची कामे फाळक्यांनी केली. रविवर्म्याच्या चित्रांनी त्या काळी केवढी क्रांती केली होती, हे आज सहजासहजी लक्षात येत नाही. जे रूप पूर्वी देवळाच्या गाभाऱ्यात किंवा पोथीच्या पानावर असे, ते माजघराच्या भिंतीवर आले. राम, कृष्ण, दमयंती, हरिश्चंद्र यांना निश्चित चेहरे मिळाले, निश्चित वस्त्रे मिळाली. फाळक्यांनी ही चित्रे दगडावरून कागदावर उतरविण्याचे काम केले, म्हणजे या चेहऱ्यांची प्रत्येक रेषा त्यांच्या हाताखालून गेली. पुढे १९०८ मध्ये हा उद्योग मुंबईस दादर येथे आला, ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ या नावाने नावारूपास आला. रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी १९०९ मध्ये ते जर्मनीस जाऊन आले. मात्र भागीदारांशी मतभेद झाले आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांनी स्वतः उभारलेल्या धंद्यावर पाणी सोडले.

यानंतर १९१०–११ च्या सुमारास गिरगावातील ‘अमेरिका इंडिया’ या चित्रगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. त्या खेळाच्या वेळी त्यांच्या मनश्चक्षूंपुढे ख्रिस्ताच्या जागी राम आणि कृष्ण येऊ लागले, अशी आठवण त्यांनी स्वतः नोंदविली आहे. ही आठवण स्वदेशाभिमानाचा उद्गार म्हणून वारंवार सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. तिची दुसरी बाजू अशी की, फाळक्यांना त्या खेळात यंत्राआधी एक संतचरित्र दिसले. प्रेक्षकाला आधीच ठाऊक असलेले प्रसंग एकामागून एक चित्ररूपाने उलगडत होते, आणि जे प्रसंगांच्या मध्ये घडले ते प्रेक्षक स्वतःच भरून काढीत होता. आख्यानाच्या पद्धतीशी परिचित असलेल्या माणसाला ही रीत नवी नव्हती.

मराठी मुलखात त्या रीतीचे एक पूर्वरूप अगोदरच तयार झाले होते. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या दिव्याचे खेळ सुरू केले होते. काचेवर रंगविलेल्या चित्रांच्या मालिका, एकाहून अधिक दिव्यांच्या साहाय्याने साधलेला हालचालीचा आभास, आणि त्यांच्या जोडीला निवेदन व संगीत असे त्यांचे स्वरूप होते. पुराणातील आख्याने हाच त्यांचा मुख्य विषय. पडद्याशेजारी उभा राहून कथा सांगणारा पुरुष हा कीर्तनकाराचाच वंशज होता. चित्र, शब्द आणि स्वर यांची ही एकत्र गुंफण आज नव्या नावांनी ओळखली जाते आणि तिचा उगम अलीकडचा समजला जातो. कल्याणच्या त्या काचा पाहिल्यास हा समज टिकत नाही. लुमिएर बंधूंचा खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी झाला, त्यापूर्वीच मराठी प्रेक्षक अंधारात बसून उजळलेल्या पडद्यावरील कथा पाहू लागला होता. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये कुस्तीचे चित्रण केले आणि दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी पडद्यावर आला. पहिला मान कोणाचा, या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. ‘पुंडलिक’ हे रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होते. कॅमेऱ्यासाठीच कथा रचण्याचे काम फाळक्यांनी केले, आणि प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने हा भेद निर्णायक ठरतो.

पुढील काही महिन्यांतील फाळक्यांचे परिश्रम सर्वश्रुत आहेत. रोज तासन् तास चित्रपट पाहिल्याने आणि रात्रीच्या जागरणांनी त्यांची दृष्टी जवळजवळ गेली आणि उपचारांनी ती परत मिळाली. विमापत्रांच्या तारणावर पैसे उभारून १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न आणि निर्माते सेसिल हेपवर्थ यांचे साहाय्य घेऊन त्यांनी विल्यमसन कॅमेरा, कच्ची फिल्म आणि तिला छिद्रे पाडणारे यंत्र मिळविले, आणि एप्रिलमध्ये ते परतले. भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून त्यांनी एका वाटाण्याच्या अंकुराची वाढ टिपली. कॅमेरा एका जागी ठेवून दिवसामागून दिवस थोडे थोडे चित्रण केले आणि महिन्याभराची वाढ मिनिटाभरात दाखविली. ‘अंकुराची वाढ’ या लघुपटात माणूस नाही, संवाद नाही, देव तर नाहीच. तरीही त्यात आरंभ आहे, विकास आहे, पाहणाऱ्याची उत्कंठा आहे. काळाला आखडून अर्थ निर्माण करता येतो, हे कथनाचे मूलतत्त्व या लहानशा प्रयोगात फाळक्यांच्या हाती आले.

‘राजा हरिश्चंद्र’ची निर्मिती दादरच्या घरातच झाली. पटकथा, नेपथ्य, अभिनयाचे मार्गदर्शन, फिल्म धुणे, जोडणे, पडद्यावर दिसणारा मजकूर लिहिणे ही सर्व कामे फाळक्यांकडे होती. कॅमेरा त्र्यंबक तेलंग यांनी हाताळला. आज दूरध्वनीच्या साहाय्याने एकच तरुण चित्रण, संकलन आणि प्रसारण करताना दिसतो. तेव्हा फाळक्यांच्या घरातही कामांची अशीच एकवट होती, फक्त तेथे प्रत्येक कामाला कित्येक हातांचे श्रम लागत. या हातांत सरस्वतीबाईंचे हात पहिले होत. कॅमेऱ्यात फिल्म भरणे, अंधाऱ्या खोलीत तिला छिद्रे पाडणे, ती धुणे, उन्हात पांढरी चादर धरून नटाच्या अंगावर उजेड पाडणे आणि त्याशिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, हे सारे त्यांनी केले. आपले दागिनेही त्यांनी दिले. त्यांना केवळ त्यागमूर्ती सहधर्मचारिणी म्हणून गौरविणे अपुरे आहे. त्या या कलेतील पहिल्या प्रशिक्षित तंत्रज्ञांपैकी एक होत्या, आणि तशी नोंद चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नाही.

हरिश्चंद्राच्या भूमिकेत दत्तात्रय दामोदर दाबके, रोहिदासाच्या भूमिकेत फाळक्यांचा मुलगा भालचंद्र, आणि तारामतीच्या भूमिकेत एका उपाहारगृहातील आचारी अण्णा साळुंके होते. स्त्रिया मिळत नव्हत्या, हे खरे. पण मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुषच करीत आणि प्रेक्षक त्या संकेताला सरावलेला होता, हेही विसरता येत नाही. सुमारे सात महिन्यांत ३,७०० फूट लांबीचा चित्रपट सिद्ध झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिम्पिया नाट्यगृहात निमंत्रितांसाठी त्याचा खेळ झाला आणि ३ मे १९१३ पासून गिरगावच्या कोरोनेशन चित्रगृहात तो सर्वांसाठी खुला झाला.

हरिश्चंद्राची निवड ही केवळ धार्मिक भावनेतून झालेली नव्हती. मुक्तेश्वरांच्या महाभारतातील हरिश्चंद्राख्यानापासून ही कथा मराठी श्रोत्याच्या परिचयाची होती. नाटकांनीही ती घराघरांत नेली होती. राजाने स्वप्नात दान दिले, राज्य गेले, काशीस पत्नी-पुत्राचा विक्रय झाला, स्मशानात डोंबाची चाकरी करावी लागली, हे टप्पे न सांगताही प्रेक्षक जाणत होता. म्हणूनच मूक चित्रपटाला ती मानवली. आज उपलब्ध असलेल्या भागाचा प्रारंभ राजा आपल्या पुत्राला धनुर्विद्या शिकवितो आहे आणि तारामती शेजारी आहे, अशा प्रसंगाने होतो. ही रचना शिळाछापाच्या चित्रासारखी स्थिर आणि समोरासमोरची आहे. मग त्या चौकटीत हालचाल सुरू होते. भिंतीवरचे चित्र सजीव झाल्याचा प्रत्यय तत्कालीन प्रेक्षकाला आला असला, तर त्यात नवल नाही. पुढे विश्वामित्राच्या यज्ञातील शक्ती ज्वाळांमधून प्रकट होतात. तेथे बडोद्याच्या दिवसांतील जादूगाराची विद्या उपयोगी पडली आहे. पडद्यावरील लेखी मजकूर हिंदी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत आहे. तो त्रोटक आहे, कारण त्याला कथा सांगायची नाही. श्रोत्याला कथेतील स्थळ दाखवून द्यायचे आहे. कीर्तनात बुवा एखादे चरण म्हणतो आणि पुढचे श्रोत्यांच्या ओठांवर आलेले असते, तशीच ही योजना आहे. वाचता येणारा प्रेक्षक तो मजकूर मोठ्याने वाची आणि शेजारचे ऐकत. मूकपटाचे चित्रगृह मुळी मूक नव्हते.

सुरतेच्या खेळाला प्रेक्षक येईनात, तेव्हा फाळक्यांनी जाहिरातीत चित्रपटातील छायाचित्रांची संख्या ५७,००० आणि पट्टीची लांबी दोन मैल असल्याचे सांगून एवढे सर्व तीन आण्यांत पाहावयास मिळेल, असे सुचविले, अशी एक आठवण सांगितली जाते. सेकंदाला सोळा चित्रे आणि फुटाला सोळा चौकटी हे त्या वेळचे प्रमाण धरले, तर ३,७०० फुटांत सुमारे ५९,००० चित्रे होतात; म्हणजे पहिला आकडा बराचसा खरा आहे. दोन मैल मात्र निखालस अतिशयोक्ती आहे, कारण ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलही भरत नाही. आपल्या मालाचे मोल वजनमापात सांगावे लागते, हे या माणसाने छापखान्याच्या धंद्यात शिकून घेतले असावे.

१९१३ च्या उत्तरार्धात फाळक्यांनी आपला उद्योग नाशिकला हलविला. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या आणि स्त्रिया पडद्यावर आल्या. त्याच खेळाबरोबर ‘पिठाचे पंजे’ हे छोटे प्रहसन दाखविले जाई. १९१४ मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांचे चित्रपट पाहून तेथेच राहून काम करण्याची सूचना आली, ती त्यांनी स्वीकारली नाही. महायुद्ध सुरू झाले, कच्चा माल दुर्मीळ झाला, देणी वाढली. १९१७ च्या ‘लंकादहन’ने पुन्हा दिवस पालटले. या चित्रपटात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. आजच्या प्रेक्षकाला ही बाब हास्यास्पद वाटेल. पण नटाचा चेहरा आणि पात्राचा चेहरा यांत आख्यानाचा श्रोता जे अंतर ठेवतो, ते ठेवल्याखेरीज असे प्रयोग पचले नसते, आणि ‘लंकादहन’ तर तुडुंब चालला. खेळाच्या उत्पन्नाची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीने नेली, अशा कथा तेव्हापासून प्रचलित आहेत.

१९१७ मध्येच त्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा लघुपट केला. त्यात स्वतः फाळके नटांना सूचना देताना, चित्रण करताना, फिल्म तपासताना दिसतात. जादूगार आपली युक्ती सहसा उघड करीत नाही. फाळक्यांनी ती उघड केली, एवढेच नव्हे तर तीही मनोरंजक कथा होऊ शकते, हे ओळखले. आपल्या कामाची रीत उलगडून दाखविणारी आजची असंख्य चित्रणे या लघुपटाची दूरची वंशज आहेत. त्याच सुमारास, नोव्हेंबर १९१७ पासून, ‘नवयुग’ मासिकात भारतीय चित्रपटावरील त्यांची लेखमाला प्रसिद्ध होऊ लागली. ही लेखमाला मराठी गद्याच्या अभ्यासकांनी जितकी वाचावयास हवी तितकी वाचलेली नाही. तीत आत्मवृत्त आहे, तंत्राची माहिती आहे, भांडवलाची तक्रार आहे आणि स्वदेशी उद्योगाचा पुरस्कारही आहे. तिचे गद्य अघळपघळ असले तरी जिवंत आहे. हिशेबाच्या आकड्यांवरून ते एकदम भावनेच्या भरात जाते आणि पुन्हा आकड्यांवर येते. स्वतःला नायक करून एक आख्यान रचण्याची प्रवृत्ती तीत स्पष्ट दिसते. कर्ज, अंधत्व, पत्नीची साथ, परमेश्वरी कृपा हे तिचे टप्पे हरिश्चंद्राच्या कथेशी विलक्षण जुळतात. फाळक्यांच्या चरित्राची आज प्रचलित असलेली चौकट प्रथम फाळक्यांनीच आखली, असे म्हणावे लागते, आणि चरित्रकाराला तिच्यापासून सावध राहावे लागते.

१९१८ च्या आरंभी मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या भागीदारीत ‘हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली. ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) ही या काळातील त्यांची श्रेष्ठ निर्मिती होय. दोहोंत त्यांची कन्या मंदाकिनी कृष्णाच्या भूमिकेत आहे. ‘श्रीकृष्णजन्मा’त कंसाला पडणारे भास जादूच्या युक्त्यांनी दाखविले आहेत. त्याचे शिर धडावेगळे होते, सर्वत्र त्याला कृष्णच दिसतो. श्रीधरांच्या ‘हरिविजया’च्या वाचकाला या भयाची ओळख होती, पडद्यावर त्याला रूप मिळाले. ‘कालियामर्दना’चा आरंभ अधिक विचार करण्यासारखा आहे. कथा सुरू होण्यापूर्वी मंदाकिनीचा चेहरा जवळून दाखविला जातो आणि ती एकामागून एक भाव व्यक्त करते. मग तीच मुलगी कृष्णाच्या वेशात समोर येते. कीर्तनातील पूर्वरंग आणि उत्तररंग यांची, किंवा नाटकाच्या प्रारंभी सूत्रधाराने नटांची ओळख करून देण्याच्या प्रथेची आठवण येथे होते. प्रेक्षकाला आधी मुलगी दाखविली, मग देव दाखविला, आणि तरीही देवाचे देवपण उणे झाले नाही. चित्र म्हणजे भ्रम आहे हे सांगून मग त्या भ्रमात बुडविण्याचे धैर्य फाळक्यांत होते. मराठी चित्रपटाने पुढे हे धैर्य फारसे दाखविलेले नाही.

निर्मित चित्रे पाहण्याची जी सवय फाळक्यांनी लावली, तिचा एक निराळा विकास खानदेशात झाला, याचा येथे ओझरता उल्लेख करणे उचित ठरेल. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) यांनी टेबलावर लहान वस्तू मांडून, प्रकाश योजून त्यांची छायाचित्रे टिपण्याच्या प्रकारात मोठे नाव मिळविले. एका खोलीत जग उभे करण्याची ही रीत आणि फाळक्यांची दादरच्या घरातील काशी यांत प्रत्यक्ष संबंध नसला, तरी जातकुळी एक आहे.

भागीदारांशी न जमणे ही फाळक्यांच्या आयुष्याची पुनरावृत्त होणारी शोकांतिका होती. खर्चाचे नियंत्रण, वेळापत्रक, इतरांच्या मताला मान या गोष्टी त्यांना जमल्या नाहीत. व्यापाऱ्यांची बाजू सर्वस्वी चूक होती, असे मानण्याचे कारण नाही. त्यांनी पैसा गुंतविला होता. १९१९–२० च्या सुमारास फाळके चित्रपटव्यवसाय सोडून कुटुंबासह काशीस जाऊन राहिले. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. समकालीन नाट्यव्यवसायावरील हा उपरोध होता. अच्युतराव कोल्हटकर यांनी ‘संदेश’मधून त्यांना परत येण्याचे जाहीर आवाहन केले, त्यांना उत्तरही मिळाले. १९२२ मध्ये ‘रंगभूमी’ मुंबईत बालीवाला नाट्यगृहात रंगमंचावर आले, पण एका बैठकीत न मावणारे ते प्रदीर्घ नाटक प्रेक्षकांनी स्वीकारले नाही.

हे अपयश मराठी नाट्यसमीक्षेने किरकोळ म्हणून दुर्लक्षिले आहे, परंतु फाळक्यांच्या प्रतिभेच्या मर्यादेचा तो स्पष्ट पुरावा आहे. चित्रात ज्याला नेमके कोठे थांबावे हे कळत होते, त्याला शब्दांत ते कळले नाही. पडद्यावरील मजकुरात एका ओळीत काम भागविणारा लेखक नाटकात भाषणांच्या पुरात वाहून गेला. शब्द हे त्यांच्या कथनाचे मुख्य माध्यम नव्हते. ते चित्राच्या सोबतीला आणि श्रोत्याच्या स्मृतीच्या आधाराने वापरायचे होते. ‘रंगभूमी’चा विषय समकालीन होता, त्याची कथा कोणाच्या स्मरणात नव्हती. सर्व काही सांगावे लागणार होते, आणि सांगण्याची ती कला त्यांच्यापाशी नव्हती.

फाळके पुन्हा कंपनीत परतले आणि मूकपटांची निर्मिती चालू राहिली. रूढ गणनेनुसार त्यांच्या नावे ९५ चित्रपट आणि २६ लघुपट जमा आहेत. पण ‘लंकादहन’ची किंवा ‘कालियामर्दना’ची ताकद पुढील काळात क्वचितच दिसली. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ आला आणि पडदा बोलू लागला. १९३२ मध्ये कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने व्ही. शांतारामांच्या दिग्दर्शनाखाली ‘अयोध्येचा राजा’ काढला. पहिल्या मराठी बोलपटांत अग्रस्थानी असलेल्या या चित्रपटाची कथा हरिश्चंद्राचीच होती, हा योगायोग नव्हे. नव्या यंत्राने पुन्हा जुन्या, सर्वांना ठाऊक असलेल्या कथेचाच आधार घेतला. परंतु आता हरिश्चंद्र स्वतः बोलत होता, तारामती गात होती. श्रोत्याने भरून काढावयाची जागा उरली नव्हती. फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ त्याच सुमारास मूक चित्रपट म्हणून तयार झाला आणि त्याला नंतर ध्वनी जोडावा लागला. कोल्हापूरच्या महाराजांच्या आश्रयाने त्यांनी ‘गंगावतरण’ (१९३७) हा बोलपट केला. सुमारे अडीच लाख रुपये खर्चून तयार झालेल्या या चित्रपटात चमत्कारदृश्यांचे कौशल्य शाबूत होते. तो त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. या पराभवाचा दोष वयाला किंवा दैवाला देण्याची रीत आहे. त्यापेक्षा असे म्हणणे अधिक योग्य ठरेल की, श्रोत्याला निम्मी कथा आपल्या मनाने सांगू देणारी जी पद्धती त्यांनी परंपरेकडून घेतली होती, तिला बोलपटात स्थान राहिले नाही आणि दुसरी पद्धती शिकण्यास त्यांना अवधी मिळाला नाही.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे फाळक्यांचे निधन झाले. मृत्युसमयी त्यांची दखल फारशी घेतली गेली नाही. सन्मान पुढे आले. भारत सरकारने १९६९ पासून त्यांच्या नावे पुरस्कार सुरू केला आणि तो प्रथम देविका राणी यांना मिळाला. परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) या चित्रपटाने १९१३ च्या निर्मितीची कथा नव्या पिढीपुढे ठेवली. तो चित्रपट आनंददायी आहे. मात्र तोही पहिल्या यशापाशी थांबतो आणि ‘रंगभूमी’पर्यंत जात नाही.

फाळक्यांच्या विपुल निर्मितीपैकी फारच थोडी आज उरली आहे. मूकपटांची फिल्म ज्वालाग्राही होती, चांदीच्या लोभाने ती वितळविलीही जात असे, आणि जतन करण्याची कल्पना रुजलेली नव्हती. १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांपर्यंत जाऊन उरलेली रिळे मिळविली. ‘राजा हरिश्चंद्र’चा उपलब्ध भाग १९१३ च्या मूळ प्रतीचा नसून १९१७ च्या सुमारास पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीचा आहे, असे चित्रपटाचे अभ्यासक मानतात. ‘कालियामर्दना’ची बरीचशी रिळे सापडली, पण विस्कळित अवस्थेत. कोणते दृश्य कोणत्या दृश्यानंतर येते, हे पट्ट्यांवरून ठरत नव्हते. फाळक्यांच्या हस्तलिखित टिपणांचा आधार घेऊन त्यांचा क्रम लावण्यात आला, आणि यमुनेच्या डोहात उडी घेणारी मंदाकिनी पुन्हा आपल्या जागी आली.